बेटावरची बैठक

माझं माहेर धुळ्याचं, भर पेठेतलं. नळाला पाणी, दाराशी टांगा, आणि हाक मारली की ऐकू जाईल इतक्या अंतरावर तीन किराणा दुकानं. त्या घरातून मला उचलून तापीच्या मधोमध नेऊन ठेवलं, तेव्हा मी वडिलांशी सहा महिने धड बोलले नव्हते. आता मी जळगावात तिसऱ्या मजल्यावर राहते, आणि सकाळी डोळा उघडला की आधी कान देते तो पाण्याकडे. पाणी कुठलं आलंय! खाली कोणीतरी मोटारसायकल धूत असतं. मग माझी मलाच चीड येते. ज्या जागेला पहिल्या दिवशी शिव्या घातल्या, त्याच जागेसाठी म्हातारपणी असा जीव तुटतो, आणि सांगायची सोय नाही.

लग्न ठरलं ते आमच्या ह्यांच्या नोकरीकडे बघून. वरणगावच्या कारखान्यात कायमची नोकरी, मुलगा मॅट्रिक, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. घर तापीकाठी आहे, एवढंच वडिलांना सांगितलं होतं. काठी! अहो, चारी बाजूंनी काठच होता. चोपडा आणि अमळनेर यांच्या मधे एका ठिकाणी तापीचे दोन फाटे होतात आणि कोसभर पुढे पुन्हा एक होतात. मधे जे उरतं ते आमचं बेट. उंचवट्यावर तीस-बत्तीस घरं, कापसाच्या पऱ्हाटीचे कूड, त्यावर माती लिंपलेली. पाच-सहा निंब, चौथीपर्यंतची शाळा, आणि बाकी सगळी वाळू. अनवाणी चाललं की पाय घोट्यापर्यंत आत जायचा. पिण्याचं पाणी हवं तर वाळूत हातभर खड्डा करायचा, त्याला झिरा म्हणायचे, आणि घडीभर बसून राहायचं. नितळ गार पाणी आपोआप वर यायचं. तसं पाणी मी पुन्हा प्यायले नाही.

ह्यांना वरणगावला चार जणांत मिळून एक खोली होती, म्हणून मी बेटावर आणि हे तिकडे. सासू माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. घरात मी आणि माझे सासरे. त्यांना अख्खं बेट नाना म्हणायचं, मीही नानाच म्हणायचे. उंच, वाळकुडे, कमी बोलणारे. बोलायचे ते अहिराणीत, आणि माझं पेठेतलं मराठी ऐकून मिशीत हसायचे.

हे शनिवारी दुपारी सुटायचे. भुसावळहून आगगाडीने अमळनेर, तिथून एसटीने थडीचं गाव. थडी म्हणजे काठ. पलीकडच्या काठावरच्या त्या मोठ्या गावाला आम्ही थडीचं गाव म्हणायचो. आमची ग्रामपंचायतही तिथलीच, आम्ही तिचा एक वॉर्ड. तिथून नावेने बेटावर. हिवाळा-उन्हाळा हे ठीक चालायचं. पण पावसाळ्यात नाव बंद झाली की संपलं. हे थडीवर येऊन उभे राहायचे, मी इकडे वाळू संपते तिथे. मधे गढूळ पाणी, दोन शेतं मावतील एवढं. आवाज पोचायचा नाही. हे छत्री खाली-वर करायचे, मी पदर हलवायचे. अर्धा तास असं करून हे परत वरणगावला. एका श्रावणात लागोपाठ चार शनिवार असे गेले. चौथ्या शनिवारी मी पदर हलवलाच नाही. नदीवर राग काढून काय उपयोग, म्हणून घरी येऊन नानांच्या ताटात मुद्दाम ठेचा वाढला नाही. नाना बिचारे कळण्याची भाकरी कोरडीच खाऊन उठले.

तेव्हापासून माझ्या मनात एकच गोष्ट घर करून बसली होती. हे सगळं उचलून थडीवर न्यावं. तिथे एसटी थांबते, तिथे माणूस गाडीतून उतरतो आणि घरी जातो. हे मी कोणाला बोलून दाखवलं नव्हतं, ह्यांनासुद्धा नाही.

आता बैठकीचं सांगते, कारण सगळं घडलं ते तिच्यापायी.

दसरा झाला की पाणी उतरायचं आणि वाळू उघडी पडायची. ती दरवर्षी नवी. गेल्या साली जिथे तुमची वाडी होती तिथे यंदा डोह असायचा. म्हणून वाळूची वाटणी दरसाल नव्याने करावी लागे, कोणी कुठे टरबूज लावायचं, कोणी काकडी. त्यासाठी अख्खं बेट वाळूवर गोल करून बसायचं, बायासुद्धा. नाना मधे उभे राहून बोलायचे. हात वर करणं नाही, चिठ्ठ्या नाहीत, आरडाओरडा तर नाहीच नाही. ज्याला पटलं तो बसून राहणार. ज्याला पटलं नाही तो उठणार, लुगड्याची नाहीतर धोतराची वाळू झटकणार, आणि पाण्याच्या कडेला जाऊन सगळ्यांकडे पाठ करून उभा राहणार. झालं. एक जण जरी उठला तरी नाना म्हणायचे, "बैठक मोडनी," आणि सगळे आपापल्या घरी. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना त्या उठलेल्याच्या दाराशी जाणार, बाबा तुला काय सलतंय ते विचारणार, आणि दुपारी पुन्हा गोल. शेवटपर्यंत सगळे बसून राहिले तरच ठरलं.

मला हा शुद्ध वेडेपणा वाटायचा. आमच्या शेजारी एक आक्का होती. एका वर्षी ती ओळीने चार दिवस उठली. तिला निंबासमोरची वाडी हवी होती, पण तोंडाने सांगायला ती तयार नाही. मी म्हटलं, आक्का, सांगून मोकळी हो ना! तर माझ्यावरच डाफरली, "मी सांगसू कसाले? त्यासले कळाले नको का?" पाचव्या दिवशी त्यांना कळलं. बाकीचे सगळे चार दिवस कामधंदा सोडून बसले होते, आणि कोणाच्या कपाळावर आठीसुद्धा नव्हती.

माझी पहिली बैठक तर ऐकण्यासारखी. लग्नाला तीन महिने झाले असतील. गोलात बसले होते आणि एकदम आठवलं, चुलीवर दूध ठेवलंय. मी ताडकन उठले आणि घराकडे पळाले. दूध सगळं चुलीत गेलेलं. राखेवर पाणी ओतते आहे तोवर बाहेरून लोक परतताना दिसले. मला कळेना, एवढ्यात कशी संपली? आक्का जाता जाता म्हणाली, "मोडी टाकी ना तू बैठक!" माझ्या तोंडचं पाणी पळालं. काल आलेली सून, आणि मी अख्ख्या बेटाची बैठक मोडली!

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना घरातून बाहेर गेले, अंगणात थांबले, आणि स्वतःच्याच दाराशी पुन्हा आले. मागे चार म्हातारे. ओट्याच्या खाली उभे राहून त्यांनी मला विचारलं, "का वं माय, तुले काय पटनं नही? सांगी टाक, लाजू नको." मी दाराआड उभी, डोक्यावरून पदर ओढलेला. दूध उतू गेलं हे सांगायची शरम वाटली. आणि खरं सांगू, आणखी एक वाटलं. मी काय म्हणते म्हणून माझ्या दाराशी पाच पुरुष उभे राहिलेत, हे माझ्या जन्मात झालं नव्हतं. माहेरी माझ्या लग्नाचंसुद्धा मला कोणी विचारलं नव्हतं. मी जे सुचलं ते बोलून टाकलं. बाया धुणं धुतात तिथेच वरच्या अंगाला गुरं धुतात, ते शेण सगळं आमच्या लुगड्यांना येतं, गुरं खाली न्या. म्हातारे एकमेकांकडे बघून मान हलवायला लागले. दुपारी गोल बसला, माझं म्हणणं नानांनी सांगितलं, कोणी उठलं नाही. त्या दिवसापासून गुरं खालच्या अंगाला गेली. बेटावर मी राहते असं मला पहिल्यांदा वाटलं ते तेव्हा.

दुधाचं खरं कारण मी नानांना कधीच सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून बेटाने मला शहाणी ठरवलं. पंचायतीत त्या काळी दोन बाया घ्याव्याच लागत. आमच्या वॉर्डातून कोणाला पाठवायचं असं निघालं, तेव्हा गोल बसला आणि कोणीच उठलं नाही. मी सातवी पास, सही करणारी, झाले बाई मेंबर. सुरुवातीला थडीवरून रजिस्टर घरी यायचं, मी चुलीपाशी बसून सही करायचे. मग एकदा नानांनीच विचारलं, "सही कसावर करस ते तरी बघी उनी का?" त्या टोमण्याने मी पेटले आणि पुढच्या मीटिंगला नावेत बसून स्वतः गेले. खुर्चीवर बसणारी पंचायतीतली पहिली बाई मीच. दुसरी बिचारी सतरंजीवर बसायची, नंतर तीही खुर्चीवर आली.

मग तो मोठा पूर आला. पाणी उंचवट्यावर चढलं, शाळेची एक भिंत गेली, सात घरं बसली. माणूस एकही गेलं नाही, पण दोन दिवस आम्ही निंबाखाली ओल्या गोधड्या पांघरून होतो. थडीच्या लोकांनी जिवावर उदार होऊन नाव घातली आणि भाकऱ्या पोचवल्या. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे बेटाची माणसं त्यांना फार वाईट बोलली. त्यांचा सरपंच नावेत स्वतः होता. हिवाळ्यात त्याने ठराव आणला. बेट राहण्याजोगं नाही, तिथली वस्ती थडीवरच्या गावठाणात हलवावी, शाळा आणि नाव बंद करावी. त्याचं म्हणणं होतं, दर पुराला आम्ही जीव धोक्यात का घालायचा? आणि बेटाची मोकळी वाळू थडीच्या लोकांनाही हवी होती, हेही खोटं नाही. दोन्ही खरं होतं.

ग्रामसभेच्या दोन दिवस आधी मी पंचायतीत गेले होते. ग्रामसेवक तरुण होता, फैजपूरकडचा, मला ताई म्हणायचा. खोलीत कोणी नाही बघून म्हणाला, "ताई, एकाचाही विरोध प्रोसिडिंगात लागला ना, तर तालुक्याचे साहेब हा कागद वर नेणार नाहीत. लोकांना जबरदस्तीने हलवायचं नाही, असं ते मला स्वतः बोललेत. पण विरोध सभेत बसून सांगावा लागेल, नावानिशी. उठून जाणाऱ्याचं मी काय लिहू? गेला, एवढंच."

त्याला आमची रीत माहीत होती. मी घरी येऊन नानांना म्हटलं, "नाना, थडीवर उठायचं नाही. तिथे बसून नको म्हणायचं असतं." नाना दोरी वळत होते. त्यांनी हात थांबवला नाही. "बठीसन नही म्हननं? ते कसं व्हई? जो बठना त्याले पटनं." मी पुन्हा सांगितलं, तिथली रीत निराळी आहे. तेव्हा त्यांनी वर बघितलं, आणि रागावले नाहीत, पण मी काहीतरी अमंगळ बोलल्यासारखा चेहरा केला. म्हणाले, "बठी ऱ्हानं आनि नही म्हननं, ते लबाडी शे." मी मनात म्हटलं, तुम्ही खुशाल उठा. मी बसेन, मी सांगेन, एकटीचं नाव पुरे आहे. नंतर चार शिव्या द्या मला, पण बेट राहील. हे मी खरोखर ठरवलं होतं. देवाची शपथ घेऊन सांगते, ठरवलं होतं.

ग्रामसभा मारुतीच्या पारासमोर भरली. शनिवारची दुपार. समोर रस्ता, रस्त्याच्या पलीकडे एसटी थांबायची जागा. बेटाची माणसं दोन नावा भरून आली होती, स्वच्छ कपडे घालून, आक्का तर नथ घालून. एका बाजूला सगळी एकत्र बसली. मी मेंबर म्हणून पुढे, ग्रामसेवकाच्या टेबलापासून चार हातांवर. तालुक्याचे साहेब घामाघूम होऊन वारा घेत होते. सरपंचाने ठराव वाचला. वाचून झाला.

नाना उठले. धोतर झटकलं. पारापासून नदी दिसत नव्हती, तरी कुठे जायचं ते त्यांना नक्की माहीत होतं. ते नदीच्या वाटेला लागले. त्यांच्यामागे आक्का, आणि मग सगळी. बोलणं नाही, भांडण नाही. थडीची माणसं बघत राहिली. कोणीतरी हसलं. साहेबांनी विचारलं, "हे लोक कुठे चालले?" सरपंच म्हणाला, "जाऊ द्या साहेब, त्यांचं काही म्हणणं नाही."

ग्रामसेवकाने माझ्याकडे बघितलं. टाक त्याच्या हातात होता. त्याने भुवई उचलली, बोला, म्हणून. मी तोंड उघडलं.

तेवढ्यात अमळनेरची एसटी आली. रस्त्यावर धूळ उठली, गाडी थांबली, आणि तिच्यातून एक माणूस उतरला. मी त्याला ओळखत नव्हते, आजही ओळखत नाही. हातात पिशवी, डोक्यावर टोपी. तो रस्ता ओलांडून समोरच्या बोळात शिरला. तिसऱ्या घराच्या दारात बाई उभी होती. तिने हात पुढे करून पिशवी घेतली, आणि दोघं आत गेली. एवढंच. नाव नाही, पाणी नाही, छत्री नाही. गाडीतून उतरल्यापासून उंबऱ्यापर्यंत तीस पावलं असतील नसतील.

मी उठले. लुगड्याला वाळू नव्हती, तरी झटकली. आणि नानांच्या मागे गेले.

बघणाऱ्याला वाटलं असेल, बाई आपल्या माणसांबरोबर गेली. मला आत ठाऊक होतं की मी त्यांच्याबरोबर उठले नव्हते. बाकी सगळे बेट राहावं म्हणून उठले. मी ते जावं म्हणून उठले.

परतताना नावेत काय आनंद! आक्काने सगळ्यांना फुटाणे वाटले. नाना एरवी चार शब्द बोलायचे नाहीत, ते वल्हवणाऱ्याला म्हणाले, "आते काय व्हस? उठनूत आपन बठ्ठा. मोडनी बैठक." बठ्ठा म्हणजे सगळे. मग माझ्याकडे वळून हसले, "सकाय येई सरपंच इचाराले. चहा ठेवजो." मी हो म्हटलं. काय म्हणणार होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी अंगण स्वतः झाडलं. शाळेतून खुर्ची मागून आणली, तिचा एक पाय डुगडुगत होता म्हणून खाली खापरी लावली. मला दूध राखून ठेवायला सांगितलं. मग ओट्यावर बसले, नावेच्या वाटेकडे तोंड करून. सरपंच येणार, ओट्याखाली उभा राहणार, नाना तुम्हाला काय पटलं नाही ते सांगा म्हणणार, आणि नाना त्याला खुर्चीवर बसवून सगळं सांगणार. काय सांगायचं ते त्यांनी जुळवून ठेवलं होतं. बांध कुठे घालावा, उंचवट्यावर भर किती टाकावी, पुराच्या आधी गुरं थडीवर कोणाच्या गोठ्यात पाठवावी. शहाणपणाच्या गोष्टी होत्या हो! कोणी ऐकल्या असत्या तर पटल्या असत्या.

दुपारपर्यंत कोणी आलं नाही. नाना म्हणाले, उशीर झाला असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा अंगण झाडलं, पुन्हा खुर्ची. मी पुन्हा दूध राखलं. तिसऱ्या दिवशीही. तिन्ही सकाळी मी आधण ठेवलं, आणि तिन्ही सकाळी मला माहीत होतं की त्या खुर्चीवर कोणी बसणार नाही. अजून वेळ गेलेली नव्हती. नावेत बसून थडीवर जायचं, ग्रामसेवकाला सांगायचं, माझा विरोध लिही, कागद अजून तालुक्याला गेला नसेल. तीन दिवस होते माझ्या हातात. मी चहा गाळत बसले. चौथ्या दिवशी नानांनी खुर्ची शाळेत परत नेली.

नोटीस आली ती महिन्याने. सरकारी कागद धड वाचता येणारी मीच, म्हणून मीच वाचली, गोलात उभी राहून. ठराव एकमताने मंजूर. नानांनी विचारलं, "एकमत कोनं? आपन तं उठी उनूत ना?" मी म्हटलं, जे उठले ते त्यांनी धरले नाहीत. कोणालाच समजेना. आक्काने मला तीनदा विचारलं, धरले नाहीत म्हणजे काय? आपण तिथे होतो ना? सगळ्यांनी आपल्याला बघितलं ना? सगळ्यांना वाटलं, मी वाचण्यात चुकते आहे. मग त्या उन्हात वाळूवर बसलेली ती सगळी माणसं उठली, एकदमच, आणि पाण्याच्या कडेला जाऊन पाठ करून उभी राहिली. कितीतरी वेळ. मी एकटी मधे, हातात कागद. आज डोळे मिटले की मला बेट दिसतं ते असं, सगळ्यांच्या पाठी.

पुढच्या पावसाळ्याआधी आम्ही थडीवर आलो. घरं सरळ रेघेत, प्रत्येकावर नंबर, समोर डांबरी रस्ता, खांबाला दिवा. पंचायतीचा नळ आमच्याच घरापाशी आला. आणि शनिवारी संध्याकाळी हे एसटीतून उतरायचे, रस्ता ओलांडायचे, मी दारात उभी राहून हातातली पिशवी घ्यायचे. मला हवं होतं ते अगदी तंतोतंत मिळालं. पहिल्या शनिवारी मी रडले. ह्यांना वाटलं आनंदाने.

आनंद होताच, नव्हता असं नाही. पण नव्या वस्तीत गोल काही बसला नाही. बसायचं कशासाठी? वाळू लिलावात गेली, वाटायला काही उरलं नाही. काही ठरवायचं झालं की पंचायतीत हात वर व्हायचे. नथवाली आक्का एकदा भर सभेतून उठली, बाहेर जाऊन रस्त्याच्या कडेला पाठ करून उभी राहिली, आणि सभा आपली चालूच. तिला बोलवायला मी गेले तर म्हणाली, "कोनी इचारंच नही ना वं." दोन वर्षांत ती मुलाकडे सुरतेला गेली. एकेक जण तसाच गेला, कोणी सुरतेच्या मिलमध्ये, कोणी जळगावला. आज त्या बत्तीस घरांतली चार माणसं एका ठिकाणी बसलेली मला दाखवा, मी पायी येईन.

मला आठवण येते ती वाळूची येते, झिऱ्याच्या पाण्याची येते, गुरं खालच्या अंगाला जाताना होणाऱ्या आवाजाची येते. पण सगळ्यात जास्त येते ती त्या सकाळची, पाच माणसं दाराशी उभी आणि मी सांगेन ते ऐकायला थांबलेली. नंतर मला पुष्कळ मिळालं. पंचायतीत दुसऱ्यांदा निवडून आले, तालुक्याच्या सभांना गेले, माइकवर बोलले. माझ्या दाराशी येऊन, तुला काय सलतंय, असं पुन्हा कोणी विचारलं नाही.

चार-पाच वर्षांनी त्या ग्रामसेवकाची पिंपळनेरला बदली झाली. निरोप घ्यायला घरोघरी फिरला, आमच्याकडेही आला. मी नळावर होते. ओट्यावर नाना बसलेले. तो चहा पिऊन गेला. मी हंडा घेऊन आले तेव्हा नाना रस्त्याकडे बघत होते. म्हणाले, "त्यानी तुले सांगेल व्हतं. तू एकली बठी ऱ्हाती नि नही म्हनती, तं कागद थांबता."

हंडा माझ्या कमरेवरच राहिला. मी म्हटलं, "हो नाना. सांगितलं होतं."

"मंग का उठनी?"

ही वेळ होती. एसटी, तो टोपीवाला माणूस, तीन सकाळी राखलेलं दूध, सगळं सांगून मोकळं व्हायची वेळ. मी हंडा खाली ठेवला. नानांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. होती ती माया, आणि तीच मला सोसेना.

"बरं झायं तू उठनी," ते म्हणाले. "बेट ते गयंच व्हतं. आज नही तं सकाय, तापी माय लई जाती. पन तू त्यासना टेबलजवळ बठी ऱ्हाती, तं तू आमनी नही ऱ्हाती." आणि त्यांनी मला जवळ बोलावलं. सासरे सुनेला कधी हात लावत नसत. त्या दिवशी त्यांनी तो माझ्या डोक्यावर ठेवला. मी तो ठेवू दिला.